काढू नये म्हणून लिहिलेली ओळ

कामिनीचा फोन आला तेव्हा भुपेंद्र उन्हाळी धानाच्या बांधीत पाणी फिरवत होता. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात फावडं, वर आंधळगावचं रणरणतं ऊन. अशा वेळी शहाणा माणूस फोन उचलत नाही. पण साकोलीच्या दुकानाचा नंबर दिसला की भुपेंद्रचा हात आपोआप खिशात जायचा. दुकान सोडून पाच वर्षं झाली होती, तरी ही खोड काही गेली नव्हती.

"दादा, मी कामिनी. मनिषभाऊच्या दुकानातून बोलून राहिली. एक विचारू? रागवू नका पण."

"विचार ना."

"आपल्या पेटीचा प्रोग्राम बिल्ड करतो ना, त्या फायलीत तुम्ही एक ऑप्शन टाकून ठेवला आहे. ओ-झिरोचा. तो खरंच लागते का जी?"

एवढा धडधाकट चाळिशीचा गडी, पण फावडं टेकवून त्याला बांधाच्या धुऱ्यावर बसावं लागलं.

"लागते," तो म्हणाला. "त्याले हात लावू नको."

"पण काहून लागते ते तर सांगा."

"लागते म्हणलं ना! काहून बिहून काही नाही." आणि त्यानं फोन कापला. पलीकडच्या बांधीतलं पाणी फुटून शेजाऱ्याच्या वावरात चाललं होतं, तेही त्याला दिसलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटरच्या एका फायलीतल्या एका ओळीला एवढं भ्यायचं काय कारण? सांगतो. पण त्यासाठी आधी पेटी समजून घ्यायला पाहिजे.

साकोलीला हायवेच्या कडेला मनिषचं दुकान आहे. दुकान कसलं, छोटा कारखानाच. तिथं शेतातल्या मोटारपंपाच्या ऑटो पेट्या बनतात. आपल्याकडं शेतीची लाईन कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही, हे काय नव्यानं सांगायला पाहिजे? शेतकरी घरी असतो, लाईन येते, पाणी मात्र पडत नाही. म्हणून स्टार्टरला ही पेटी जोडायची. लाईन आली की पेटी आपोआप मोटार चालू करते. पण लगेच नाही हं. आधी दोन मिनिटं थांबते आणि टीं टीं करून ओरडत राहते. जवळ कोणी असेल तर त्यानं बाजूला व्हावं, कोणाचा हात पंपाच्या पट्ट्यापाशी असेल तर त्यानं तो काढून घ्यावा. हे दोन मिनिटांचं थांबणं भुपेंद्रच्या डोक्यातून आलं होतं. पेटीचा प्रोग्रामही सगळा त्यानंच लिहिलेला.

माणसानं लिहिलेला प्रोग्राम पेटीतल्या चिपला थेट कळत नाही. तिच्या भाषेत तो उतरवून देतो तो कंपायलर. हा कंपायलर मोठा हुशार गडी. निकामी दिसेल ते गाळतो, लांबलचक असेल ते आखूड करतो, आणि मग प्रोग्राम थोड्या जागेत मावतो. ओ-झिरो म्हणजे त्याला दिलेला दम. शहाणपणा करू नको, लिहिलं आहे तसं मुकाट्यानं उतरव! भुपेंद्रनं तो ऑप्शन घातला होता आणि वर एक ओळ लिहून ठेवली होती: "हा ऑप्शन काढू नये. कोणीही." खाली नाव. कारण मात्र लिहिलं नव्हतं.

दुकानात नवी पोरं आली आणि गेली. प्रत्येक जण ती ओळ वाचून, देवळापुढून जावं तसा मान लववून पुढं गेला. कामिनी मात्र त्यातली नव्हती. आणि तिचीही पंचाईत झाली होती म्हणा. जुनी चिप बाजारातून गायब झाली होती. नवी आली तिच्यात जागा निम्मी. तीनशे पेट्यांचे बोर्ड येऊन पडले होते आणि प्रोग्राम काही त्यांत मावत नव्हता. ओ-झिरो काढला की आरामात मावे. नाहीतर एक फेज गेल्यावर मोटार जळू न देणारा जो भाग होता, तो काढून टाकावा लागणार होता. मनिष म्हणाला, "भुपेंद्रले विचार. तो हो म्हणल तर काढ. तो नाही म्हणल तर मी काही जोखीम घेत नाही."

आणि भुपेंद्र नाही म्हणाला होता.

का, ते त्यानं कोणालाच कधी सांगितलं नव्हतं. मनिषला नाही, आणि घरी खुशबूला, म्हणजे बायकोलाही पुरतं नाही. ते असं झालं होतं.

सहा वर्षांपूर्वी असेच उन्हाळ्याचे दिवस. प्रोग्राम आटोपशीर व्हावा म्हणून भुपेंद्रनं कंपायलरला मोकळीक दिली, चालव बाबा तुझी अक्कल. तशा आठ पेट्या बाहेर गेल्या. त्यातली एक नाकाडोंगरीकडच्या बाबूलालच्या शेतावर बसली. पन्नाशीचा शेतकरी, भला माणूस. दहा दिवस झाले असतील नसतील, बाबूलाल पंपाचा निसटलेला पट्टा चढवत होता आणि लाईन आली. मोटार फिरली. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

भुपेंद्र तुमसरच्या दवाखान्यात धावत गेला, आणि तिथं व्हरांड्यात उभं असतानाच त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यानं ते दोन मिनिटांचं थांबणं कसं लिहिलं होतं? चिपनं नुसतं मोजत बसायचं, एक, दोन, तीन, असं लाखो वेळा. त्या मोजण्यातून निघत काहीच नाही, नुसता वेळ जातो. आणि हुशार कंपायलर असलं मोजणं पाहिलं की म्हणतो, याचा उपयोग काय? आणि गाळून टाकतो. ही गोष्ट शिकाऊ पोरालाही माहीत असते. म्हणजे पेटी थांबलीच नसणार. ओरडलीच नसणार. लाईन आली आणि तिनं मोटार सुरू केली. बाबूलालची बोटं आपल्या चुकीनं गेली! त्यानं तिथंच खाटेजवळ जाऊन बाबूलालचे पाय धरले आणि म्हणाला, "काका, माझ्यामुळं झालं हो हे."

परत येऊन त्यानं ओ-झिरो घातला, ती ओळ लिहिली, उरलेल्या सात पेट्या गोळा करून त्यांत नवा प्रोग्राम भरला. बाबूलालची पेटी दुकानाच्या माणसानं काढून आणली होती, तिच्याकडं त्यानं नजरसुद्धा टाकली नाही. वर्षभर कसंबसं काम केलं. कीबोर्डवर बोटं ठेवली की दुसऱ्याची बोटं आठवत. मग सोडून दिलं सगळं आणि आंधळगावला येऊन शेती धरली. दरसाल धानाच्या रोवणीला दोन दिवस बाबूलालच्या बांधीत राबून यायचा. लोकांना वाटे, काय ऋणानुबंध आहे!

मग त्यानं तपासलं का नाही? इंजिनीयर माणूस, पेटी लावायची आणि घड्याळ धरायचं, पाच मिनिटांचं काम. खरं सांगायचं तर हिंमत झाली नाही. तपासलं आणि पेटी थांबली नाही असं डोळ्यांनी दिसलं असतं, तर मग काहीच उरलं नसतं. न तपासता निदान रात्री झोप तरी लागत होती. आता याला तुम्ही भेकडपणा म्हणा, काहीही म्हणा. तोही स्वतःला तेच म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी कामिनीचा पुन्हा फोन.

"दादा, मी तपासलं."

"काय तपासलं?" भुपेंद्र ओरडलाच. "तुले म्हणलं होतं ना हात लावू नको म्हणून!"

"शेतावरच्या पेटीले नाही लावला हात. टेबलावरच तपासलं. ओ-झिरो काढला, मोटारीच्या जागी बल्ब लावला, दहा वेळा लाईन बंद-चालू केली. दहाही वेळा पेटी दोन मिनिटं थांबली. एक सेकंद कमी नाही."

"तसं होऊच शकत नाही. कंपायलर ते मोजणं गाळून टाकते."

"गाळते, पण तुम्ही तिथं व्होलाटाइल लिहिलं आहे ना, मोजणीच्या आकड्यासमोर. ते लिहिलं की कंपायलरची बिशाद नाही गाळायची. तुम्हीच लिहून ठेवलं आहे, दादा, आणि तुम्हीच विसरले!"

"ते मी मागून लिहिलं असन. आधी नसन."

"मले पण तेच वाटलं. म्हणून मी ती जुनी पेटी लावून पाहिली."

"कोणती जुनी पेटी?"

"स्टोअरमध्ये खोक्यात होती. वर चिकटपट्टीवर बाबूलाल, नाकाडोंगरी असं लिहिलं आहे. ओ-झिरोच्या आधीचा प्रोग्राम आहे तिच्यात. ती पण दोन मिनिटं थांबते जी."

भुपेंद्रनं पुढचं काही ऐकलं नाही. घरात जाऊन अंगावर शर्ट चढवला आणि मोटारसायकलला किक मारली. खुशबू दारात आली, "कुठं चालले? जेवण तर करून जा," म्हणाली, तेही वाऱ्यावर गेलं.

साकोलीच्या दुकानात पोचेस्तोवर दुपार टळली. कामिनी वाटलं होतं त्याहून लहान निघाली. पंचविशीची असेल. तिनं पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि पेटी पुढं सरकवली. तीच पेटी. कोपऱ्यात चिखल वाळलेला, तारांना उंदरांनी कुरतडलेलं, पण जिवंत. बाजूला साठचा बल्ब लावला होता.

"तुम्हीच बटण दाबा," ती म्हणाली.

त्यानं बटण दाबलं.

टीं टीं टीं टीं. पेटी ओरडायला लागली. बल्ब काळाच. भुपेंद्रची नजर भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्यावर खिळली. अर्धं मिनिट. एक मिनिट. त्याला वाटलं आता लागेल, आता लागेल. मनिष आतून आला, काही विचारणार होता, पण भुपेंद्रचा चेहरा बघून तिथंच उभा राहिला. दीड मिनिट. बरोब्बर दोन मिनिटं झाली आणि बल्ब लागला.

"अजून एकदा," भुपेंद्र म्हणाला.

अजून एकदा केलं. मग अजून एकदा. पाचव्या खेपेला मनिष म्हणाला, "अबे, पेटी थकन आता." तेव्हा कुठं भुपेंद्र खुर्चीत मागं टेकला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग त्यानं त्या दोघांना सगळं सांगितलं. मनिष तर उसळलाच. "सहा वर्षं तू हे पोटात ठेवलं? पागल आहेस का बे तू? मले एक शब्द नाही बोलला!"

पण सुटका एवढी सोपी नसते ना. सगळं ऐकल्यावर कामिनीनं नेमकं बोट ठेवलं. "पेटी थांबली असन, तर मग मोटार चालू केली कोणी?"

मनिष म्हणाला, "काही का असेना, पेटी चांगली आहे ना? काढ तो ओ-झिरो." पण भुपेंद्रनंच हात आडवा केला. काय झालं ते कळल्याशिवाय नाही, म्हणाला. टेबलावर थांबणारी पेटी उन्हातान्हात एखाद्या वेळी चुकली असेल तर? तीनशे पेट्या म्हणजे तीनशे पट्टे आणि तीनशे माणसांचे हात. ते काही त्याच्यानं होणार नव्हतं.

त्या रात्री घरी त्यानं खुशबूलाही सांगितलं. ती म्हणाली, "जा आणि बाबूलालकाकाले विचारा."

"कोणत्या तोंडानं विचारू? ज्याची बोटं गेली त्यालेच जाऊन म्हणू, काका, तुमचीच तर चूक नाही ना?"

"याच तोंडानं विचारा. माहीत करून घेतल्याबिगर तुमी काही सुधरत नाही. नाहीतर मी येते संगं आणि मीच विचारते."

खुशबू विचारायला कमी करणारी नव्हती, म्हणून तो सकाळी एकटाच निघाला.

बाबूलालचं घर गावाच्या टोकाला, पलीकडं जंगल सुरू होतं. तो ओसरीत दोरी वळत बसला होता, तीनच बोटांच्या उजव्या हातानं, डावा पाय दोरीवर दाबून. भुपेंद्रला पाहून त्याचा चेहरा खुलला. "ये गा बाबू, ये! आता तर रोवणी नाही. काहून आला?"

भुपेंद्र बसला. पाणी प्याला. धानाचं विचारून झालं, पोरांचं विचारून झालं, आता आणखी काही विचारायचं उरलं नाही. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "काका, त्या दिवशी नेमकं काय झालं होतं?"

बाबूलालच्या हातातली दोरी थांबली. "कोन्या दिवशी?"

"बोटं गेली त्या दिवशी. मी कालच ती पेटी तपासली. थांबते ती. पुरे दोन मिनिटं थांबते. मग तुमच्या इथं काहून थांबली नाही, तेवढं मले समजून नाही राहिलं."

बाबूलालनं खाकरून घसा साफ केला. अंगणातल्या वासराकडं पाहिलं. मग छपराकडं पाहिलं. "आता सहा सालाची गोष्ट झाली बाबू, काय ध्यानात राहते…"

"सगळं ध्यानात आहे यायच्या!" स्वयंपाकघरातून आवाज आला आणि पाठोपाठ त्याची बायको कौशल्याबाई बाहेर आली, हाताला पीठ तसंच. "सांगून टाका आता. किती दिस लपवून ठेवसान? नाहीतर मी सांगते."

"अवो, तू चूप राह्य ना…"

"सहा साल चूपच होती. बाबू, त्या पेटीचा काही कसूर नव्हता. यायनं स्टार्टरच्या हिरव्या बटनात काडी खुपसली होती."

भुपेंद्र बघतच राहिला. काडी! आपल्याकडच्या कुठल्याही शेतावर जा, जुन्या स्टार्टरच्या हिरव्या बटणात तुरीची काडी खुपसलेली दिसेल. बटण दाबलेलंच राहतं. लाईन आली की मोटार त्याच क्षणी चालू. ऑटो पेटी आली ती हीच काडी जावी म्हणून. आणि या बहाद्दरानं पेटी असताना काडी घातली होती!

"पण काहून, काका?"

आता बाबूलालला बोलावंच लागलं. मान वर न करता तो म्हणाला, "तलावाच्या काठानं सोळा मोटारी हायेत, एकाच डीपीच्या ट्रान्सफार्मरवर. लाईन आली का ज्याची मोटार पयले फिरली, त्याले पानी. मांगून लावली का निस्ती गुरगुरते, उचलतच नाही. तुयी पेटी दोन मिनिटं थांबे, तवपर्यंत पंधरा जनायच्या मोटारी चालू होऊन जात. मायी बांधी सुकून राहिली होती बाबू. मंग मी काडी घातली. पेटीले काही केलं नाही, खाली स्टार्टरमंदी घातली. पट्टा चढवाच्या टाइमाले ते काडी काढाचं ध्यानातच राहिलं नाही."

"आणि नंतर?"

"मंग लाईनवाले पंचनामा कराले येतीन, कनेक्शन कापतीन, म्हनून भेव वाटला. हिनं काडी वढून मोटार बंद केली, न त्याच दिवशी चुलीत घातली."

भुपेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो ताडकन उभा राहिला. "मी दवाखान्यात तुमचे पाय धरले होते, काका! माझ्यामुळं झालं म्हणालो होतो. तेव्हा तरी सांगायचं! मी काम सोडलं माझं. माझ्या हातचं काम सोडलं मी, समजलं का तुमाले? पाच वर्षं मी कॉम्प्युटर उघडला नाही!"

बाबूलालनं त्याच्याकडं पाहिलं. तो खरोखरच चकित झाला होता. "मले काय माहीत गा? पेटी तू देल्ली म्हनून तुले वाईट वाटून राहिलं, असंच मले वाटलं. न काम तर तू शेती कराले सोडलं म्हनत होते सारे." मग त्याचा आवाज बारीक झाला. "मंग तू रोवनीले याले लागला. पयल्या सालीच सांगाचं होतं मले. पन वाटलं, पोरगं एवढ्या मायेनं येते, खरं सांगतलं का येनं बंद करन. मंग दुसरं साल आलं. मंग तर सांगाचीच लाज वाटे." आणि एवढा मोठा माणूस, त्यानं हात जोडले, एक पाच बोटांचा आणि एक तीन बोटांचा. "गलती झाली बाबू."

आता अशा माणसावर किती वेळ रागावणार? भुपेंद्रचा राग आला तसाच गेला. तो पुन्हा ओसरीवर बसला, आणि बाबूलालचे हात धरून त्यानं खाली केले. पण एक गोष्ट त्याला अजून हवी होती. अगदी लहान पोरासारखं त्यानं कौशल्याबाईला विचारलं, "काकू, पेटी वाजली होती का त्या दिवशी?"

"वाजली म्हंजे? अरे बापा, काय सांगू तुले! लाईन आली, मोटार फिरली, हे बोंबलले, मी धावली, काडी वढली, मोटार बंद केली. न तुयी पेटी आपली टीं टीं, टीं टीं करतच होती. मी लुगडं फाडून यायचा हात बांधला, तवपर्यंत वरडतच होती ते. मी म्हनलं, मेले, आता कायले वरडतस! मंग मीच तिची वायर उपसली."

भुपेंद्रनं ते तिला पुन्हा सांगायला लावलं. तिनं पुन्हा सांगितलं. सगळ्या घरात तेव्हा आकांत चालला होता आणि त्याची पेटी सांगितलेलं काम इमानानं करत होती, मोजत होती, ओरडत होती, सांगत होती की बाजूला व्हा. त्याचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्याला हसूही फुटलं. दोन्ही एकदम. बाबूलाल घाबरून म्हणाला, "काय झालं गा?" सहा वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी उचलून अंगणात फेकून दिला, असं भुपेंद्रला झालं होतं. जीव भांड्यात पडतो म्हणतात ते काय असतं हे त्याला त्या ओसरीवर समजलं.

डोळे पुसून त्यानं कामिनीला फोन लावला.

"काढून टाक."

"काय, दादा?"

"ओ-झिरो. काढून टाक. आणि वरची माझी ओळ पण."

पलीकडून कामिनीनं सोडलेला सुस्कारा त्याला इथं ऐकू आला. तीन दिवस तीही बिचारी टांगणीला लागली होती. "नक्की ना? मग मोटार कशानं चालू झाली होती?"

भुपेंद्रनं बाबूलालकडं पाहिलं. बाबूलालनं मान खाली घातली. "स्टार्टरमध्ये गडबड होती," भुपेंद्र म्हणाला. "आल्यावर सांगतो सगळं. सध्या एवढंच समज, पेटीचा काही दोष नव्हता."

"मग बदलाच्या नोंदीत कारण काय लिहू? ऑप्शन काहून काढला म्हणून?"

"लिही, लागत नव्हता."

"बस, एवढंच?"

"एवढंच. आणि ऐक, ते पेटी दोन मिनिटं थांबते ना, ते सगळ्यांची सारखीच दोन मिनिटं नको. एकाच डीपीवरच्या पेट्या पाळीपाळीनं चालू झाल्या पाहिजेत, म्हणजे कोणाची मोटार गुरगुरत राहणार नाही आणि कोणाले काडी घालावी वाटणार नाही. आता जागा उरली आहे चिपमध्ये. सोमवारी येतो मी, बसून लिहू."

"तुम्ही येता?" कामिनीचा विश्वास बसेना.

"येतो म्हणलं ना."

फोन खिशात टाकून तो उठला, चपला पायात सरकवायला लागला. तर कौशल्याबाई पुढं येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

"निंगाला का? दरसाल येतस, दिवसभर चिखलात राबतस, पानी पेतस न चालला जातस. मी किती म्हनलं तरी या घरचा एक घास तोंडात घातला नाही तू कधी. मले का समजत नाही होय? आज तरी जेवशीन का बाबू, का आज पन तसाच जाशीन?"

भुपेंद्रनं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

"वाढा काकू," तो म्हणाला. "सपाटून भूक लागली आहे."